भिंतींवर भांडणारा देश

मेक्सिको सिटीतल्या आलामेदा बागेच्या पूर्वेला पांढऱ्याशुभ्र संगमरवराची एक अवाढव्य इमारत उभी आहे. नाव 'पालासिओ दे बेय्यास आर्तेस', पण या महालात राजा कधी राहिला नाही. पोर्फिरिओ दियास हा तीसेक वर्षं देशाच्या मानेवर बसलेला हुकूमशहा. त्याला पॅरिसच्या तोडीचं ऑपेराघर हवं होतं. १९०४ मध्ये आदामो बोआरी या इटालियन वास्तुविशारदाने काम हाती घेतलं. संगमरवरही बराचसा इटलीहून आला. रंगमंचाचा काचेचा पडदा न्यूयॉर्कच्या टिफनीकडून करवून घेतला, जवळपास दहा लाख तुकडे जोडून. त्यावर चित्र मात्र पोपोकातेपेत्ल आणि इस्ताक्सिवात्ल या अस्सल मेक्सिकन ज्वालामुखींचं. १९१० मध्ये क्रांती पेटली. दियास फ्रान्सला पळाला, पुढे बोआरीही निघून गेला, आणि इमारतीचा अर्धवट सांगाडा जुन्या तळ्याच्या भुसभुशीत मातीत हळूहळू खचत राहिला. १९३४ मध्ये फेदेरिको मारिस्काल या मेक्सिकन वास्तुविशारदाने काम पुरं केलं, तोवर जमानाच बदलला होता. म्हणून बाहेर युरोपी थाटाचे पुतळे आणि आत आर्ट डेको खांबांवर माया लोकांच्या पर्जन्यदेवाचे मुखवटे, असा सगळा कारभार.

आधुनिक मेक्सिकन कला बघायला आलेल्या माणसाची पहिली गफलत इथेच होते. जिथे 'मेक्सिकोपण' ठासून भरलंय असं ऐकलेलं असतं, त्या घराचा नकाशा परका, दगड परका, काचही परकी.

आत रविवारची गर्दी असते. रविवारी सरकारी संग्रहालयांत देशवासीयांना तिकीट पडत नाही, त्यामुळे आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खी कुटुंबं जिना चढत असतात. शाळेची मुलं वही मांडीवर घेऊन चित्राखालची पाटी उतरवून काढतात. ती बसतात त्यांच्या डोक्यावर दिएगो रिव्हेराचं साडेअकरा मीटर लांबीचं भित्तिचित्र पसरलेलं असतं.

या चित्राची जन्मकथा मुलांना पाठ असते. १९३३ मध्ये रिव्हेरा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या प्रवेशदालनात भित्तिचित्र काढत होता. भांडवलशाहीच्या त्या मंदिरात त्याने लेनिनचा चेहरा काढून ठेवला. चेहरा बदला, असं नेल्सन रॉकफेलरने लिहिलं. रिव्हेराने नकार दिला. त्याच्या हातावर मेहनतान्याचे २१,००० डॉलर ठेवून त्याला वाटेला लावलं, चित्रावर कापड टाकलं आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते फोडून टाकलं. त्याच वर्षी मेक्सिकोच्या सरकारने ही भिंत दिली आणि रिव्हेराने चित्र पुन्हा काढलं. मधोमध यंत्राच्या दांड्या हाती घेतलेला कामगार, त्याच्या दोन्ही अंगांना सूक्ष्मदर्शकातून आणि दुर्बिणीतून दिसणारी विश्वं, उजवीकडे लेनिन. डावीकडे मात्र एक भर घातलेली. पत्ते खेळणाऱ्या उच्चभ्रू बायकांच्या टेबलाशेजारी हातात मद्याचा पेला घेतलेले धाकटे जॉन रॉकफेलर, म्हणजे नेल्सनचे वडील. हे गृहस्थ आयुष्यभर दारूला न शिवलेले. आणि त्यांच्या डोक्याच्या नेमकं वर, सूक्ष्मदर्शकाच्या वर्तुळात, गुप्तरोगाचे जंतू वळवळताहेत. एका चित्रकाराने एका धनिकावर उगवलेला सूड, तो सरकारी खर्चाने, देशाच्या सर्वांत मानाच्या भिंतीवर.

आता मागे वळून समोरची भिंत पाहावी. तीही १९३४ चीच, तीही सरकारनेच सांगितलेली, पण चित्रकार होसे क्लेमेन्ते ओरोस्को. रिव्हेराच्या भिंतीवर माणूस यंत्राचा धनी आहे; ओरोस्कोच्या भिंतीवर यंत्रांचा भंगार ढिगारा, त्यात एकमेकांना भोसकणारी माणसं, मागे आगीचा लोळ आणि पुढ्यात मोत्यांची माळ घालून दात विचकत हसणारी वेश्या. रिव्हेरा क्रांतीच्या ऐन वर्षांत युरोपात होता. ओरोस्कोने तिच्यातली प्रेतं जवळून पाहिली होती. तारुण्यात दारूगोळ्याच्या स्फोटात त्याचा डावा हात गेला होता, आणि जग सुधारेल या बोलण्यावर त्याचा विश्वास कधी बसला नाही. एकाच मजल्यावर, एकाच वर्षी, एकाच तिजोरीतून पैसे घेऊन दोघांनी एकमेकांना खोटं पाडणारी चित्रं काढली. मधल्या मोकळ्या जागेत उभा राहणारा प्रेक्षक त्यांच्या भांडणात सापडतो.

हे भांडण सरकारने विकत कसं घेतलं, याचा माग १९२१ पाशी लागतो. क्रांती नुकती शमली होती. दहा वर्षांत लाखो माणसं मेली होती, देशातल्या बहुसंख्य लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि डोंगराळ मुलुखातल्या गावकऱ्याला 'आपण मेक्सिकन' म्हणजे कोण हे कुणी सांगितलेलं नव्हतं. अशा वेळी होसे व्हास्कोन्सेलोस हा तत्त्वज्ञ नव्याने स्थापन झालेल्या शिक्षण खात्याचा मंत्री झाला. त्याने ग्रंथालयं काढली, खेडोपाडी शिक्षक धाडले आणि चित्रकारांना सार्वजनिक इमारतींच्या भिंती खुल्या करून दिल्या. रिव्हेराला पॅरिसहून परत बोलावून त्याने आधी युकातानला आणि मग तेवान्तेपेकच्या बाजूला धाडलं, देश डोळ्यांनी पाहून ये म्हणून. चित्रकारांनीही मग स्वतःला मजूर म्हणवून घेतलं. १९२२ मध्ये रीतसर संघटना काढली, तिचं मुखपत्रही चालवलं.

मजुरी ही नुसती बोलण्यापुरती नव्हती. शिक्षण खात्याच्या इमारतीतली रिव्हेराची चित्रं फ्रेस्को पद्धतीची, म्हणजे चुन्याचा गिलावा ओला असेतोवर त्यावर रंग भरायचा. गवंडी पहाटे उठून त्या दिवशी पुरेल एवढाच तुकडा गिलावतो, आणि तो सुकायच्या आत चित्रकाराला काम उरकावं लागतं. चुकलं तर खरवडून पुन्हा गिलावा. रिव्हेराने सुरुवातीला या रंगांत निवडुंगाचा चीक मिसळून पाहिला. प्राचीन मेक्सिकन कारागीर असंच करत, अशी त्याची समजूत. वर्तमानपत्रांना ही कथा फार आवडली: परक्या इटालियन तंत्राला देशी झाडाची जोड! पण चीक कुजला, भिंतीवर डाग उमटू लागले आणि रिव्हेरा निमूटपणे साध्या चुन्यावर आला. निवडुंगाची आख्यायिका मात्र डाग पुसले तरी पुसली गेली नाही.

त्या इमारतीच्या दोन अंगणांभोवती, तीन मजल्यांवर, रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात दोनशेहून अधिक चित्रफलक रंगवले. खाणीत उतरणारा मजूर, तेवान्तेपेकच्या बायका, मक्याची सुगी, मृतांचा सण. २०२४ मध्ये तिथे भित्तिचित्रांचं संग्रहालय सुरू झालं, त्यामुळे आता दाराशी कारकुनाची विनवणी करावी लागत नाही. वरच्या मजल्यावर एक चित्र आहे, 'आमची रोजची भाकर' या अर्थाच्या नावाचं. टेबलाभोवती वेगवेगळ्या वर्णांची माणसं बसली आहेत आणि मुख्य जागेवरचा माणूस भाकर मोडून देतो आहे. तो चेहरा वर्ध्यात जन्मलेल्या पांडुरंग सदाशिव खानखोज्यांचा, असं सांगितलं जातं.

मराठी माणसाचे पाय या चित्रापाशी थबकणारच. खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले, आणि मायदेशी परतायची वाट बंद झाल्यावर १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले. तिथल्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी प्रयोग केले, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. त्याच सुमारास त्याच विद्यालयाच्या जुन्या प्रार्थनागृहात रिव्हेरा भिंती रंगवत होता. टीना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार स्त्रीने खानखोज्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रं काढली आहेत. स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले, नागपुरात राहिले आणि १९६७ मध्ये गेले. चापिंगोत २०२२ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. विदर्भात त्यांचं नाव घेणारे तेव्हाही थोडे होते, आजही फार नाहीत.

मेक्सिकोची राष्ट्रीय भाकर मोडून देणारा हात वर्ध्याचा असावा, यात नवल वाटण्याजोगं आहेच. पण त्या काळात ते एकटं उदाहरण नव्हतं. होसे ग्वादालूपे पोसादा हा छापखान्यात बसून पैशापैशाच्या पत्रकांसाठी सांगाड्यांची चित्रं कोरणारा कारागीर १९१३ मध्ये कफल्लक अवस्थेत मेला. त्याला विस्मृतीतून वर काढलं ते झाँ शार्लो या पॅरिसमध्ये जन्मलेल्या चित्रकाराने. पोसादाची फुलापिसांची टोपी घातलेली कवटी मुळात नुसतं डोकं होती, रंग-रूप विसरून साहेबी थाट मिरवणाऱ्यांची टिंगल. तिला धड, झगा आणि 'कात्रिना' हे नाव दिलं रिव्हेराने, १९४७ मध्ये, आलामेदा बागेतल्या रविवारच्या स्वप्नाच्या भित्तिचित्रात. तिथे तिच्या गळ्याभोवतीचा पिसांचा पट्टा जवळून पाहिला की तो पंख असलेला साप निघतो, प्राचीन देव केत्साल्कोआत्ल. एका बाजूला खुद्द पोसादा तिचा हात धरून उभा, दुसऱ्या बाजूला बेडूक खिशात घेतलेला पोरवयाचा दिएगो, त्याच्या मागे त्याची चित्रकार पत्नी फ्रिडा काहलो.

आज हीच कात्रिना मेक्सिकोची कुलदेवता असल्यासारखी मगांवर, टी-शर्टांवर, विमानतळावर भेटते. मेक्सिको सिटीत मृतांच्या सणाची जी भव्य मिरवणूक निघते, ती तर २०१५ च्या जेम्स बाँडपटातला प्रसंग पाहून २०१६ पासून सुरू झालेली. पडद्यावरची खोटी परंपरा शहराने आपलीशी केली, आणि आता पर्यटकच कशाला, स्थानिकही सहकुटुंब रंग फासून तिच्यात चालतात.

चापुल्तेपेकच्या जंगलातल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात फ्रिडाचं 'दोन फ्रिडा' हे चित्र आहे. १९३९ चं, जवळपास पावणेदोन मीटर लांब आणि तेवढंच उंच. दोन फ्रिडा हातात हात घालून बाकावर बसल्या आहेत. एक पांढऱ्या लेसच्या युरोपी झग्यात, दुसरी तेवान्तेपेकच्या बायकांच्या वेशात. दोघींची हृदयं उघडी आणि एकाच रक्तवाहिनीने जोडलेली. ती वाहिनी देशी फ्रिडाच्या हातातल्या दिएगोच्या बालपणच्या इवल्या तसबिरीपासून निघते, दंडाला वेढा घालून हृदयातून जाते आणि युरोपी फ्रिडाच्या मांडीवर तुटते. शस्त्रक्रियेच्या चिमट्याने ती धरून ठेवली आहे, तरी रक्त ठिबकतंच. झग्याच्या काठावर लाल फुलांचं भरतकाम आहे, आणि रक्ताचे थेंब कुठे संपले व फुलं कुठे सुरू झाली हे दोन पावलं पुढे गेल्याशिवाय कळत नाही.

फ्रिडाचे वडील जर्मनीतून आलेले छायाचित्रकार, आईचं मूळ ओआहाकाचं. तेवान्तेपेकचा वेश तिने जन्माने नव्हे, निवडीने घातला. तिचा जन्म १९०७ चा. ती सांगायची १९१०, क्रांतीचं साल. वय कमी करायला तीन वर्षं फारशी नाहीत, पण देशाची जुळी बहीण व्हायला तेवढीच हवी होती.

या सगळ्या उत्सवात बाहेर राहिलं ते कोण? ओरोस्कोने सान इल्देफोन्सोच्या जुन्या विद्यालयात १९२६ मध्ये जिन्याच्या छतावर कोर्तेस आणि मालिंचे काढले आहेत. स्पॅनिश विजेता आणि त्याची दुभाषी, त्याच्या मुलाची आई झालेली देशी स्त्री. दोघंही विवस्त्र, आदम-हव्वेसारखी शेजारी बसलेली. त्याने तिचा हात हातात घेतला आहे, पण दुसरा हात तिच्यासमोर अडसरासारखा आडवा, आणि पायाखाली एक सावळा देह उपडा पडलेला. संकरातून नवा वंश जन्मेल म्हणून व्हास्कोन्सेलोस ग्रंथ लिहीत होता. ओरोस्को त्या पायाखालच्या माणसाकडे बोट दाखवत होता. तोच सावळा माणूस नंतरची तीस वर्षं शेकडो भिंतींवर रंगवला गेला. कुंचला मात्र क्वचितच त्याच्या हाती आला.

बाईच्या हाती तर तो येता येता काढून घेतला गेला. मारीया इस्किएर्दो ही १९३० मध्ये न्यूयॉर्कला एकटीच्या चित्रांचं प्रदर्शन भरवणारी पहिली मेक्सिकन स्त्री. १९४५ मध्ये तिला राजधानीच्या शासकीय इमारतीतली भिंत मिळाली. करार झाला, आराखडे झाले, परांच्याही बांधून झाल्या. मग रिव्हेरा आणि दुसरा नामवंत भित्तिचित्रकार सिकेरोस यांनी मत दिलं की बाईंना फ्रेस्कोचा पुरेसा अनुभव नाही, आणि काम रद्द झालं. तिने सुटे फलक रंगवून दाखवले, तरी भिंत काही मिळाली नाही. जगभरच्या शोषितांची बाजू घेणारे हे दोघे गडी, पण आपल्या परांचीवर तिसरं कुणी चढलेलं त्यांना खपलं नाही.

त्याच १९४५ मध्ये सिकेरोसने एक पुस्तिका काढली होती. आमच्या वाटेखेरीज दुसरी वाटच नाही, असा दावा तिच्या शीर्षकातच होता. या वाटेवर न चालणाऱ्यांत रुफिनो तामायो हा ओआहाकाचा, सापोतेक वंशाचा चित्रकार होता. पोरका झाल्यावर मावशीच्या फळबाजारात वाढलेला, पुढे पुरातत्त्व संग्रहालयात जुन्या मूर्तींची रेखाटनं करणारा. देशीपण त्याला वेशासारखं घालावं लागलं नाही. कलिंगडाच्या लालात आणि मातीच्या भाजक्या रंगात ते आपसूक उतरलं. बेय्यास आर्तेसमध्ये त्याची दोन भित्तिचित्रं आहेत, १९५२ आणि १९५३ ची. पहिल्यात घोड्यावर आरूढ विजेता, कोसळणारे दगड आणि खाली प्रसूत होणारी देशी स्त्री. मूल अर्धं गोरं, अर्धं सावळं. विषय रिव्हेराचाच, पण घोषणा नाही, नायक नाही, बोट रोखून सांगितलेला इतिहास नाही.

पन्नाशीच्या दशकात होसे लुइस क्वेव्हास या विशीतल्या पोराने सरळ हल्लाच चढवला. देशी कलेच्या नावाखाली सरकारने भोवती निवडुंगाचा पडदा उभारलाय, त्यापलीकडचं काही दिसू देत नाहीत, अशी त्याची तक्रार. ती खोटी नव्हती. १९६२ मध्ये होर्हे गोन्सालेस कामारेनाने सरकारी मोफत पाठ्यपुस्तकांसाठी मातृभूमीचं चित्र काढलं. सावळा चेहरा त्लाश्काला प्रांतातल्या एका तरुणीचा, अंगावर ग्रीक-रोमन देवीसारखं पांढरं वस्त्र, मागे झेंडा आणि साप धरलेला गरुड. दहा वर्षं तीच बाई पुस्तकांच्या मुखपृष्ठावर राहिली. त्या पिढीच्या मेक्सिकन माणसाला 'देश' म्हटलं की डोळ्यांसमोर आधी तिचा चेहरा येतो.

आणि हेच सरकार चित्रकाराला तुरुंगातही घालत होतं. सिकेरोस चापुल्तेपेकच्या किल्ल्यात, म्हणजे राष्ट्रीय इतिहासाच्या संग्रहालयात, क्रांतीचं भित्तिचित्र काढत असतानाच १९६० मध्ये पकडला गेला. चार वर्षं क्रांतीचं चित्र अर्धवट राहिलं, कारण चित्रकार क्रांतीचा वारसा सांगणाऱ्या सरकारच्या कोठडीत. सुटल्यावर त्याने ते पुरं केलं, त्याच सरकारसाठी. २ ऑक्टोबर १९६८ ला, ऑलिंपिकच्या दहा दिवस आधी, त्लातेलोल्कोच्या चौकात लष्कराने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. तेव्हा दिल्लीत राजदूत असलेला कवी ओक्ताविओ पास पद सोडून निघाला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये बेय्यास आर्तेसमध्ये एमिलिआनो सापाताच्या प्रतिमांचं प्रदर्शन उघडलं. शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी लढलेल्या या सेनानीला १० एप्रिल १९१९ रोजी चिनामेकाच्या वाड्यात दगा देऊन मारलं होतं; त्याची शताब्दी. प्रदर्शनात फाब्यान चाइरेसचं २०१४ मधलं एक छोटंसं चित्र होतं: पांढऱ्या घोड्यावर विवस्त्र सापाता, गुलाबी टोपी, अंगाभोवती राष्ट्रध्वजाच्या तीन रंगांची फीत, पायांत पिस्तुलाच्या टाचांचे उंच बूट. सांस्कृतिक खात्याने ते जाहिरातीतही वापरलं आणि आगडोंब उसळला. सापाताच्या नातवांनी कोर्टात खेचायची भाषा केली. डिसेंबरात शेतकरी संघटनांची माणसं इमारतीत घुसली, चित्र जाळा म्हणून ओरडली. समलिंगींच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या तरुणांना मार बसला.

संतापलेल्या शेतकऱ्यांना हसून मोकळं होणं सोपं आहे. पण सापाता त्यांच्या दृष्टीने इतिहासातला नाही, चालू खटल्यातला साक्षीदार आहे. पाण्याच्या आणि जमिनीच्या प्रत्येक तंट्यात त्याचं नाव घ्यावं लागतं. तरुण मुलांचंही तेच. देशाच्या चेहऱ्यात आपला चेहरा कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न १९२१ पासून प्रत्येक चित्रकार विचारत आला होता.

सापाता प्रत्यक्षात कसा दिसे, हे छायाचित्रांत आहे. घोडे पारखणारा, अंगाला बसणारी विजार आणि रुंद काठाची टोपी घालून नटणारा, मिशांना पीळ देणारा उमदा गडी. शेतमजुराचे पांढरे सुती कपडे तो घालत नसे. ते त्याला रिव्हेराने घातले, क्वेर्नाव्हाकाच्या भिंतीवर, १९३० च्या सुमारास, आणि पांढरा घोडाही तिथेच त्याच्या हाती दिला. नव्वदच्या दशकात सरकारने त्याला दहा पेसोच्या नोटेवर छापलं. त्याच दशकात, १९९४ मध्ये, चियापासच्या जंगलातले बंडखोर त्याचंच नाव लावून त्याच सरकारवर चालून आले. २०१० मध्ये पाचशेच्या नोटेवर एका बाजूला रिव्हेरा आणि दुसऱ्या बाजूला फ्रिडा विराजमान झाले.

अखेर तोडगा निघाला. चाइरेसचं चित्र भिंतीवरच राहील, जाहिरातीतून काढलं जाईल, आणि शेजारी सापाता कुटुंबाची नापसंती नोंदवणारा मजकूर लागेल. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रदर्शन उतरेपर्यंत येणारे-जाणारे आधी चित्र पाहत, मग नापसंती वाचत आणि पुन्हा चित्राकडे वळत. सुती कपड्यांतल्या सापाताखाली किंवा नोटेवरच्या सापाताखाली अशी पाटी लावा, अशी मागणी मात्र कुटुंबाकडून किंवा आणखी कुणाकडून आली नाही.